चांगलं दिसतं म्हणून

आमचं स्टँडअप पावणेदहाला असतं. साडेनऊला मी बाथरूमच्या आरशासमोर उभा असतो. दोन्ही गालांवर आणि हनुवटीच्या कडेला मुरुमांचे जुने व्रण आहेत. त्यांवर कन्सीलरचे पाच-सहा ठिपके द्यायचे आणि बोटाने हलकंच थापटायचं. घासायचं नाही, घासलं की निघून जातं. डोळ्यांखाली एकेक ठिपका. रात्री प्रॉडक्शनमध्ये काही पेटलेलं असेल तर दोन. चार मिनिटांचं काम. मग ट्यूब परत शेव्हिंग किटच्या तळाशी, रेझर आणि आफ्टरशेव्हच्या खाली.

हे गेली दोन वर्षं चालू आहे. इतके दिवस ते दोनच माणसांना माहीत होतं. एक माझी ताई. दुसरी मॉलमधल्या कॉस्मेटिक्सच्या काउंटरवरची मुलगी, जिच्याकडून मी पहिली ट्यूब घेतली. तिला मी सांगितलं होतं, "बहिणीसाठी हवंय."

"त्यांचा रंग कसा आहे?"

"माझ्यासारखाच."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं, तीन ट्यूब काढल्या आणि माझ्याच जबड्यावर तीन रेघा ओढल्या. "मधली शेड आहे त्यांची," ती म्हणाली. बिल देताना अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, "रात्री झोपायच्या आधी धुवायला सांगा हं त्यांना. नाहीतर पिंपल्स परत येतात."

त्या 'त्यांना'साठी मी तिचा आजही ऋणी आहे. पण बाहेर आल्यावर एक प्रश्न मनात अडकला तो अडकलाच. मी चोरी केली नव्हती, कुणाला फसवलं नव्हतं. साडेतीनशे रुपयांची एक ट्यूब घेतली होती. मग खोटं का बोललो? नक्की कशाची लाज वाटली?

*

पहिलं उत्तर सोपं वाटतं: मेकअप म्हणजे खोटेपणा, आणि पुरुषाने असेल तसं दिसावं. हे उत्तर आमच्या घरातच टिकत नाही.

माझे बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी महिन्याच्या पहिल्या रविवारी ते खळ्यात खुर्ची टाकून बसतात. अंगात जुना बनियन, खांद्यावर वर्तमानपत्र. वाटीत कालवलेला कलप पुढून ते स्वतः लावतात आणि मागून आई लावते. कानाच्या पाळीला लागलेला काळा डाग दोन दिवस जात नाही. हे मी लहानपणापासून बघतोय. यात कुणाला खोटेपणा दिसला नाही. पासष्टीला टेकलेल्या माणसाने पंचेचाळिशीचे केस मिरवणं म्हणजे 'नीटनेटकं राहणं'. आणि याच बाबांनी मागच्या वर्षी टीव्हीवर लिपस्टिक लावलेला एक मुलगा बघून चॅनेल बदललं होतं.

दुसरं उदाहरण तुमच्या हातातलं. बऱ्याच फोनचे फ्रंट कॅमेरे चेहरा न विचारता गुळगुळीत करून देतात. झूममध्ये चेहरा 'टच अप' करायचं बटण आहे. आमच्या टीममधल्या निम्म्या मुलांनी ते चालू ठेवलेलं मी पाहिलंय. स्क्रीन शेअर करताना सेटिंग उघडं पडतं. कुणी कुणाला हसत नाही. सॉफ्टवेअरने केलं तर फीचर, बोटाने केलं तर मेकअप. तेव्हा अडचण चेहरा बदलण्याची नाही. ती दुसरीकडेच कुठेतरी आहे.

मग दुसरं उत्तर: मेकअप बायकी असतो, आपल्या संस्कृतीत पुरुष असलं काही करत नाहीत. हे तर आणखीनच कच्चं.

आमच्याकडे जत्रेत दशावतार होतो. देवळात पालखी झाली की रात्री उशिरा नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत. लेखी संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या रचायचे. आणि स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करत आलेत. लहानपणी आम्ही पोरं नाटकापेक्षा रंगपटात डोकावायला धडपडायचो. मंडळी आपापले आरसे मांडून बसलेली असायची, ज्याचा त्याने चेहरा रंगवायचा. शेजारच्या गावचा एक जण द्रौपदी करायचा. दिवसा रिक्षा चालवायचा. संध्याकाळी दाढी घोटून, चेहऱ्यावर पांढरा थर देऊन, भुवया कोरून, काजळ घालून तो उठला, की तासाभरापूर्वी विडी ओढत बसलेला माणूस हाच हे पटायचं नाही. बाबा मान डोलावत म्हणायचे, "खरी बायलमाणूस लाजात." म्हणजे खरी बाई लाजेल. त्यांच्या तोंडून निघणारी ही सगळ्यात मोठी दाद असे.

पुण्यात आलो तेव्हा बालगंधर्व रंगमंदिरात चित्रकार गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रं पाहिली. एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. नाटक बघायला आलेले लोक त्यांच्यावरून सहज नजर फिरवून पुढे जातात. मी मात्र तिथे रेंगाळलो होतो. नारायण श्रीपाद राजहंस हा माणूस १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आला आणि पुढची कित्येक वर्षं मराठी रंगभूमीवरची सगळ्यात लाडकी स्त्री बनून राहिला. घरंदाज बायका त्याचं बघून पदर घ्यायला, केसांत फुलं माळायला शिकल्या. १९२१ साली मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. देशाच्या स्वराज्यासाठी पैसे उभे करायला एक पुरुष शालू नेसून, काजळ घालून उभा राहिला आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. पुढे त्याला पद्मभूषण मिळालं, त्याच्या नावाचं रंगमंदिर झालं.

सिनेमाचंही तेच. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये १९१३ साली तारामती झाले अण्णा साळुंके, आधी उपाहारगृहात स्वयंपाकी असलेले. चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये त्यांनी राम आणि सीता दोन्ही केले.

रंगमंच सोडून रस्त्यावर या. गणपतीत ढोल-ताशा पथकातली मुलं बघा. कानात पेशवाई भिकबाळी, कपाळावर अष्टगंधाची कोरीव चंद्रकोर, मिशीला पीळ. आरशासमोर त्यांना माझ्यापेक्षा जास्त वेळ लागत असणार. वारकऱ्याच्या कपाळी गोपीचंदन आणि बुक्का. नवऱ्या मुलाला हळद, मुंडावळ्या, आणि आता लग्नाआधी दोन महिन्यांचं फेशियलचं पॅकेज. आणि सगळ्यात आधी, आपण प्रत्येक जण: न्हाऊमाखू घालून, डोळ्यांत काजळ भरून, गालावर तीट लावलेला मुलगा. माझाही तसा फोटो आहे. त्या मुलाच्या डोळ्यांतलं काजळ नक्की कोणत्या दिवशी पुसलं गेलं आणि कुणी ठरवलं, हे कुठल्याच आईला सांगता येत नाही.

म्हणजे आपल्याकडच्या पुरुषाने चेहरा रंगवणं कधीच थांबवलं नाही. फक्त प्रत्येक वेळी त्याच्या खिशात एक परवाना असतो. देवाचं आहे. परंपरा आहे. लग्न आहे. नाटकातलं काम आहे, पोटासाठी आहे. बाबांच्या कलपालाही होता: शाळेत इन्स्पेक्टर यायचे, म्हातारं दिसून चालायचं नाही. आता इन्स्पेक्टर येत नाहीत, पण परवान्याची मुदत कुणी तपासत नाही.

एकच कारण या यादीत बसत नाही. 'मला सुंदर दिसावंसं वाटतं.' मॉलमधल्या त्या काउंटरवर माझ्याकडे नेमकं हेच कारण होतं, आणि म्हणून मी ते बहिणीच्या नावावर खपवलं.

*

जे. सी. फ्लूगेल नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९३० साली कपड्यांच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने एक निरीक्षण मांडलंय. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातले श्रीमंत पुरुष बायकांइतकेच नटायचे: रेशीम, लेस, टोप, पावडर. मग थोड्याच काळात त्यांनी ते सगळं टाकून दिलं आणि काळा कोट चढवला. फ्लूगेल याला पुरुषांचा महात्याग म्हणतो. पुरुषाने सुंदर असण्यावरचा हक्क सोडला आणि उपयुक्त असण्यावर समाधान मानलं. नटण्याचं खातं पुरतं बायकांकडे गेलं.

तो काळा कोट जिथे जिथे इंग्रज गेला तिथे तिथे पोहोचला. आपल्याकडच्या कचेऱ्यांत, शाळांत, कोर्टांतही. भिकबाळी आणि मोत्यांचे कंठे पेशव्यांच्या चित्रांत उरले. माझ्या लॅपटॉपच्या बॅगेवर कंपनीचा लोगो आहे आणि अंगात राखाडी पोलो टीशर्ट. त्या त्यागाचा वारसा मी रोज इस्त्री करून घालतो.

'त्याग' हा शब्द मात्र जरा फसवा आहे. त्यागातून पुरुषांना काही मिळालंही. लेखक आणि कलासमीक्षक जॉन बर्जर यांनी १९७२ साली चित्रकलेबद्दल बोलताना दाखवून दिलं, की युरोपच्या चित्रांत बघणारा पुरुष असतो आणि बघितली जाणारी बाई. पुढे बाईही स्वतःकडे त्याच बघणाऱ्या डोळ्यांनी बघायला शिकते. नटणं सोडून पुरुषाने हे मिळवलं: बघायचं, पण आपल्याकडे कुणी बघायचं नाही. चेहरा नसण्याची चैन. म्हणूनच मेकअप केलेला पुरुष इतरांना खुपतो. तो बाईसारखा दिसतो म्हणून नाही. बाईसारखा दिसणाऱ्या बालगंधर्वाला आपण डोक्यावर घेतलं. तो 'माझ्याकडे बघा' म्हणतो म्हणून खुपतो. बघणाऱ्यांच्या रांगेतून उठून तो बघितल्या जाणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसतो. आणि तो तसा बसू शकतो म्हणजे बाकीचेही बसू शकतात, ही त्यातली खरी धास्ती.

बालगंधर्वांच्या गोष्टीतली एक बाजू सांगायची मी टाळत होतो. त्यांना जी मुभा होती ती कुणाच्या जिवावर? घरंदाज बाईने रंगमंचावर येणं बदनामीचं होतं म्हणून पुरुषाने बाई व्हायचं होतं. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक उभ्या राहिल्या तेव्हा ते स्वागतार्ह धाडस मानलं गेलं. आपली परंपरा किती उदार होती म्हणून मिरवताना हे विसरता येत नाही. पुरुषाच्या गालावरचा तो रंग बाईच्या मनाईतून आला होता.

*

हे सगळं मी ताईला फोनवर ऐकवलं. ती ठाण्यात एका बँकेत आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला लावायची लाज वाटते. मला न लावायची सोय नाही. तुझं दुःख जरा चैनीचं आहे."

मग आम्ही एक प्रयोग केला. एक आठवडा दोघांनीही काही लावायचं नाही. तिने काजळ, लिपस्टिक, फाउंडेशन बंद करायचं, मी कन्सीलर. आणि रोज रात्री मेसेज करायचा.

तिचा पहिला मेसेज रात्रीपर्यंत थांबलाच नाही. सोमवारी सकाळी अकराला आला: "आत्तापर्यंत तीन. बरं नाहीये का, झोप झाली नाही का, घरी सगळं ठीक ना." बुधवारी तिच्या वरिष्ठाने सांगितलं, कस्टमरसमोर बसायचं असतं, जरा फ्रेश दिसा. गुरुवारी तिने प्रयोग सोडला.

माझा आठवडा पूर्ण झाला. मला कुणी काहीही म्हटलं नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही. दोन वर्षं मी रोज चार मिनिटं खर्चून जे झाकत होतो ते कुणीही, कधीही बघितलेलं नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर वाईट वाटलं.

ताईचा मुद्दा माझ्या एका सहकारी मैत्रिणीने आणखी टोकदार करून मांडला. ती म्हणाली, "बायका यातून बाहेर पडायला धडपडतायत आणि तू तिकीट काढून आत शिरतोयस. याला मुक्ती म्हणायचं? बाजाराला अर्धं गिऱ्हाईक कमी पडत होतं, ते मिळालं. एवढंच."

हे खोडून काढणं सोपं नाही. आपल्याकडे पुरुषांच्या सौंदर्यप्रसाधनांचा मोठा बाजार सुरू झाला तो गोरेपणावरून. २००५ साली 'फेअर अँड हँडसम' आलं. पुरुषाच्या रंगाबद्दलची भीती बाटलीत भरून त्यालाच विकली गेली. २०१८ साली शनेलने पुरुषांसाठी मेकअप काढला, तो आधी दक्षिण कोरियात, कारण तिथे हे गिऱ्हाईक तयार होतं. 'फॉर मेन' म्हणून विकायला ठेवलेले डबे पाहा: काळे, राखाडी, जणू गाडीचे स्पेअर पार्ट. आतली क्रीम बरीचशी तीच असते. परवानाच पॅकिंगवर छापून विकतात. आणि माझी मैत्रीण म्हणते त्यात आणखी एक सत्य आहे. पुरुषांनाही उद्या चेहऱ्यावरून तोलायला लागले तर समानता येईल, पण ती दोघांना सारखंच कोंडण्याची समानता असेल.

तरीही मला तिचा निष्कर्ष पटत नाही. एका माणसाने काजळ घालणं आणि सगळ्यांना काजळ घालावं लागणं यात फरक आहे. नियम मोडणारा प्रत्येक जण नवा नियम करत नसतो. मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली. लावण्याचं स्वातंत्र्य खरं आहे की नाही हे पुसण्यावरून ओळखावं. जे मी उद्या न लावता बाहेर पडू शकतो आणि मला कुणी कारण विचारत नाही, ते माझं. जे पुसलं तर कारण द्यावं लागतं, ते ताईच्या बँकेचं. आणि जे लावलं तर कारण द्यावं लागतं, तेही माझं नाही. कारण मागणारा प्रश्न एकच आहे. ताईला तो एका टोकाला विचारला जातो आणि मला दुसऱ्या.

एवढं स्पष्ट झाल्यावर मला प्रयोगाचा उरलेला भाग करावासा वाटला. लपवायला लावलेलं कुणाला दिसत नाही. मग दिसेल असं लावून बघू. एका शुक्रवारी मी काजळ घालून ऑफिसला गेलो. खालच्या पापणीच्या आत, बारीक रेघ.

कुणी टोमणा मारला नाही. माझे सहकारी सभ्य आहेत. लिफ्टमध्ये एकाने विचारलं, "काय, गॅदरिंगची प्रॅक्टिस?" दुसऱ्याने, "शूटिंग वगैरे आहे का?" मॅनेजरने आस्थेने विचारलं, "डोळ्यांना काही इन्फेक्शन?" दुपारपर्यंत सात जणांनी विचारलं आणि प्रत्येकाने प्रश्नाबरोबर उत्तरही आणलं होतं. माझ्यावर प्रेम असलेली माणसं मला एकेक परवाना देऊ करत होती. घे बाबा, एखादा खिशात ठेव, म्हणजे आपण सगळे निवांत होऊ.

आठव्याला मी म्हणालो, "हो, मित्राच्या शॉर्ट फिल्ममध्ये छोटा रोल आहे."

आणि बाथरूममध्ये जाऊन ते पुसून टाकलं.

*

आरशात ते काजळ पसरून डोळ्यांखाली काळं झालं तेव्हा मला हॉस्टेल आठवलं. खरं तर हा लेख तिथूनच सुरू व्हायला हवा होता. मी एवढा वेळ दशावतार आणि फ्लूगेल सांगत बसलो, कारण हे सांगायचं नव्हतं.

सेकंड इयरला आमच्या शेजारच्या खोलीत एक मुलगा होता. अभ्यासात बरा, कॅरम छान खेळायचा. तो रोज काजळ घालायचा. बस, एवढंच. चालण्याबोलण्यात काही वेगळं नव्हतं, असतं तरी काय. पहिल्या महिन्यात आम्ही त्याला विचारलं, का घालतोस? आम्हाला कुठलंही कारण चाललं असतं. डोळे येतात, आईने सांगितलंय, नवस आहे, नाटकात होतो. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "चांगलं दिसतं म्हणून."

हे उत्तर आम्हाला सहन झालं नाही. तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं. त्याने परवाना दाखवायला नकार दिला नव्हता. परवाना लागतो हेच त्याला माहीत नव्हतं. त्याला नाव पडलं. ते मी इथे लिहिणार नाही. मेसमध्ये, बाथरूमबाहेर, कॉरिडॉरमध्ये तेच नाव. मी आघाडीवर नव्हतो. मी हसणाऱ्यांत होतो. माझे मुरूम तेव्हा ऐन भरात होते आणि माझ्या चेहऱ्याऐवजी त्याच्या चेहऱ्यावर बोलणं चाललंय याचं मला बरं वाटायचं.

सेमिस्टरच्या शेवटी, ओरलच्या आदल्या रात्री, चौघांनी झोपेत त्याच्या ओठावर परमनंट मार्करने मिशी काढली. चांगली जाड, पिळदार. खोलीत अंधार होता. मोबाईलचा टॉर्च मी धरला होता.

सकाळी त्याने ते साबणाने, मग खोबरेल तेलाने, मग कुणाकडून तरी मिळालेल्या थिनरने घासलं. शाई पूर्ण गेली नाही. ओठावरची कातडी लाल झाली होती आणि तसाच तो ओरलला गेला. त्याने कुणाकडे तक्रार केली नाही. पुढच्या सेमिस्टरला हॉस्टेल सोडून गावात खोली घेतली. त्यानंतर मी त्याला लेक्चर्सना बघायचो. डोळ्यांत काजळ नव्हतं. आम्ही जिंकलो होतो.

पुरुषांनी चेहरा रंगवू नये असं मानणाऱ्या चार मुलांनी एका मुलाचा चेहरा रंगवला. आम्हाला रंगाचा राग नव्हताच. तो रंग त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने लावला होता, त्याचा होता.

त्या शुक्रवारी रात्री मी त्याचा नंबर शोधला. लग्न झालंय, बंगळुरूला असतो. फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी म्हणालो, मला त्या रात्रीबद्दल माफी मागायची आहे. टॉर्च माझ्या हातात होता.

तो म्हणाला, "माहितीये. मी जागा होतो."

मला काही सुचेना. तो पुढे म्हणाला, "डोळे उघडले असते तर तुम्हाला धरून ठेवावं लागलं असतं. मग लागलं असतं. म्हटलं, काढू दे, लवकर संपेल." त्याच्या आवाजात राग नव्हता, जुनी, वाळलेली गोष्ट सांगावी तसं सांगितलं. मला त्याने माफ केलं की नाही ते तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही. तो आता काजळ घालतो का, हेही ओठांवर आलं होतं. तेही नाही विचारलं. त्याच्या डोळ्यांबद्दल त्याला एकदा प्रश्न विचारून झाला होता.

*

गणपतीला घरी गेलो. यावेळी ट्यूब शेव्हिंग किटच्या तळाशी ठेवली नाही, बाहेर मोरीवरच्या आरशापाशी ठेवली. चतुर्थीच्या सकाळी पूजेला बसायच्या आधी मी तिथे उभा राहून चेहरा आवरत होतो. बाबा फुलं घेऊन आले आणि मागे थांबले. आरशात आम्ही दोघंही दिसत होतो. त्यांच्या उजव्या कानाच्या पाळीवर कलपाचा डाग होता.

"ह्या काय तोंडाक लावलंस?"

माझ्याकडे उत्तरांचा साठा होता. तुमचा कलप. जत्रेतली द्रौपदी. बालगंधर्व, स्वराज्य फंड, पद्मभूषण. यातलं प्रत्येक उत्तर खरं होतं आणि प्रत्येक उत्तर म्हणजे परवान्यासाठी केलेला अर्ज होता.

"बरा दिसता म्हणान," मी म्हणालो.

बाबा जरा वेळ आरशात बघत राहिले. माझ्याकडे की स्वतःकडे, ते कळलं नाही. मग म्हणाले, "आवर लवकर. भटजी येतले." आणि फुलं घेऊन आत गेले.